मार्केटच्या बर्फावर आईचा नारळ

मिशिगनमधल्या ट्रॉयच्या मराठी माणसाला मार्चमध्ये लाँग ड्राइव्ह म्हटलं की फ्लोरिडा आठवतो. आम्ही उलटीकडे, मिशिगनच्याच उत्तर टोकाला गोठलेलं बंदर बघायला निघालो, तेव्हा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिली शंका आली ती आमच्या नोकऱ्या गेल्या की काय, अशी. नोकऱ्या शाबूत आहेत. आईला न्यायचं होतं.

माझी आई अलिबागच्या बाजूच्या कोळीवाड्यातली, जन्मभर मासळी विकलेली. डिसेंबरात आमच्याकडे आली, जूनपर्यंत राहायचं ठरलं होतं. फेब्रुवारीत म्हणाली, "तिकीट लवकरचं कर." का, तर "इथं दर्या नाय." आम्ही तिला काय कमी केलं होतं? वेगळी खोली, मराठी सीरियल, आणि बोंबील तळायला गॅरेजमध्ये खास स्टोव्ह, कारण घरात तळले की स्मोक अलार्म कोकलतो आणि माझा पुणेकर नवरा सचिन खिडक्या उघडत फिरतो. मला ती जायला नको होती. म्हणून म्हटलं, दर्या दाखवते. "दाखव, मग बघू," आई म्हणाली. माझ्या माहेरी 'मग बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो. इतकी वर्षं अमेरिकेत काढून मी तो 'मेबी' असा लावला आणि कामाला लागले.

सचिननं शोधून काढलं की लेक सुपीरियरच्या काठी एक बंदर आहे. हिवाळ्यात ते गोठतं आणि मार्चमध्ये आइसब्रेकर जहाजं येऊन मालवाहू बोटींसाठी वाट फोडतात. सचिनच्या ऑफिसात आइसब्रेकर म्हणजे मीटिंगच्या सुरुवातीला प्रत्येकानं आपला आवडता पदार्थ सांगायचा. खरोखरचा बर्फ फोडणारा आइसब्रेकर असतो हे कळल्यावर तो हरखून गेला. त्या गावाचं नाव मार्केट. स्पेलिंग फ्रेंच आहे, पण उच्चार अगदी आपल्या मच्छी मार्केटमधला. आईनं एवढंच ऐकलं की बंदरावर जायचंय, मार्केटला जायचंय. शुक्रवारी सकाळी ती नायलॉनच्या दोन मोठ्या पिशव्या घेऊन गाडीत बसली.

"आई, पिशव्या कशाला?" सचिननं विचारलं.

"मार्केटला रिकाम्या हातानं जातात काय?"

मी दशम्यांचा डबा मांडीवर घेतला. आठ तासांच्या प्रवासात तिची आशा मोडायची तर निदान दशम्या खाऊन झाल्यावर मोडावी.

जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. आय-पंचाहत्तर हायवे धरून नाकासमोर उत्तरेला जायचं, मॅकिनॉ पुलापलीकडे पश्चिमेला वळायचं. पुलाचा टोल फार नाही, पण पूल ओलांडण्याआधी टाकी फुल करा, कारण पुढे पेट्रोल पंप आणि फोनची रेंज दोन्ही विरळ होत जातात. मोटेल स्वस्तात मिळतं, कारण मार्चमध्ये शहाणं माणूस तिकडे फिरकत नाही. तिथला खास पदार्थ 'पास्टी'. नावावरून आमच्या लेकीनं, ईरानं, केकची स्वप्नं पाहिली होती. आली ती बटाटा आणि सलगमासारखा कंद भरलेली तळहाताएवढी करंजी. आईनं एक घास खाल्ला, पिशवीतून सुक्या जवळ्याची चटणी काढून आत भरली आणि पूर्ण संपवली. मीही तसंच केलं. शिफारस करते.

शनिवारी सकाळी बंदरावर गेलो. मार्केटात मार्केट नव्हतं. समोर क्षितिजापर्यंत पांढरं, मधोमध एक अजस्र धक्का, आणि काठावर घडीच्या खुर्च्या टाकून, हातात कॉफी धरून बसलेले पंधरा-वीस गोरे लोक. ते दर वर्षी येतात म्हणे. त्यांना बघून आपल्याकडे जेसीबीभोवती जमणाऱ्या मंडळींबद्दलचं माझं मत निवळलं.

आईनं पिशव्या खाली ठेवल्या. "ह्यो दर्या?"

"तळं आहे आई. पण समुद्राएवढं."

"पाणी गोडं?"

"हो."

"मग गोठंल नाय तर काय करंल," ती म्हणाली आणि खाली बघत राहिली. माझा धीर सुटत चालला होता. घाईघाईनं सांगितलं, की हिवाळाभर बोटी बंद होत्या, आज बर्फ फुटणार, मग सीझनची पहिली बोट जाणार.

हे ऐकताच आई ताठ झाली. "म्हणजे आज यांची नारली पुनव!" तिनं पिशवीत हात घातला आणि आमच्या देवघरातला, इंडियन स्टोअरमधून आणलेला नारळ बाहेर काढला. मार्केटवाल्या बायकांशी ओळख होईल, ओटी भरावी लागेल, म्हणून बरोबर घेतला होता.

सचिन पांढरा पडला. "आई, प्लीज. ग्रीन कार्डची फाइल पेंडिंग आहे. सरकारी पाण्यात वस्तू टाकायची नसते."

"पाणी कुठं हाय? बर्फ हाय."

"आज्जी हॅज अ पॉइंट," ईरा म्हणाली.

आईनं नारळाला कुंकू लावलं, डोळे मिटले आणि पुटपुटली, "दर्या, वाट दे. अडकलेल्यांना सोड." मीही शेजारी उभी राहून हात जोडले. मी मागितलं, आई राहू दे. मग तिनं नारळ सोडला. तो टण्णकन आपटला, घरंगळत गेला आणि थोड्या अंतरावर आरामात थांबला.

"वॉज दॅट अ बोलिंग बॉल?" खुर्चीतल्या एका आजीबाईंनी विचारलं. सचिन क्षीण आवाजात म्हणाला, "रिलिजियस." त्यावर सगळ्यांनी आदरानं टोप्या काढल्या आणि थंडी वाजल्यावर परत घातल्या.

"घेतला नाय," आई म्हणाली. "घेतल्याशिवाय मी हलायची नाय."

मग आम्ही बसलो. ईराचे ओठ निळे झाले, थर्मास संपला, आजीबाईंनी आईला ब्लँकेट दिलं आणि आईनं त्यांना चटणी. दुपार कलल्यावर तांबडं जहाज दिसलं. आइसब्रेकर बर्फ कापत येत असेल असं मला वाटलं होतं. तो नाक उचलून बर्फावर चढतो आणि आपल्या वजनानं खालचा बर्फ मोडतो; मग मागे सरतो आणि पुन्हा चढतो. आवाज पायातून वर येतो. धक्क्याजवळ आला तशी काठापर्यंत भेग गेली, एक मोठा तुकडा कलंडला, आणि नारळ काळ्या पाण्यात गेला. आई हात जोडून रडली. मीही रडले, पण खुशीत, माझं मागणं पोचलं म्हणून. थोड्या वेळानं त्या वाटेनं हिवाळाभर तिथंच बांधून ठेवलेलं लांबलचक जहाज भोंगा देत बाहेर पडलं.

परतताना पुलावर मी विषय काढला. "आई, आवडलं ना? मग राहा की जूनपर्यंत. मला तू हवी आहेस इथं."

आईनं माझा हात धरला. "बाय, त्या जहाजाला धक्क्यावर काय त्रास होता? काय नाय. तरी वाट फुटल्यावर थांबलं काय?"

सचिननं नकळत ब्रेक दाबला. मागून हॉर्न वाजले.

तर वाचकहो, मार्केटला जरूर जा. गरम मोजे दोन-दोन घाला, पास्टीबरोबर चटणी न्या. आईचं जूनचं तिकीट मी काल बदलून एप्रिलचं केलं. एअरलाइनवाल्या मुलीनं कारण विचारलं, मी म्हटलं, "सीझन सुरू झाला." देवानं माझं ऐकलं नाही म्हणून दोन दिवस रुसले होते. पण एका नारळावर दोघींनी दोन उलट गोष्टी मागायच्या म्हटल्यावर त्यानं तरी काय करावं? नारळ तिचा होता.