पहिल्या भागाला शेवट हवा होता

सिनेमाचे दोन भाग करायचं ठरलं, हे दिग्दर्शक भाऊंनी मला क्लासवर येऊन सांगितलं. मी पिंप्राळ्यात एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये मुलींना कराटे शिकवते. भाऊंचं जळगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. ते सांभाळून त्यांनी खान्देशी बोलीत मारामारीचा एक सिनेमा काढला होता. हाणामारी खरी वाटावी म्हणून नट न घेता आमच्यासारखी शिकवणारी आणि शिकणारी माणसं घेतली होती. मी नायिकेची गुरू झाले होते. सगळं जोडून झाल्यावर सिनेमा भरला पावणेचार तास.

"धुळ्याचे थिएटरवाले म्हणतात, एवढा लांब लावणार नाही," भाऊ म्हणाले. "दोन खेळांचा वेळ एकाच सिनेमात जातो. मग म्हटलं, दोन तुकडे करू. पहिला आत्ता, दुसरा दोन महिन्यांनी."

मी म्हटलं, चांगलंच आहे.

"फक्त पहिल्या भागाला शेवट पाहिजे. मधेच तोडला तर लोक खुर्च्या फोडतील. तुमची ती गोदामाच्या स्लॅबवरची उडी आहे ना, तिथे तोडतो. तुम्ही हवेत, आणि पडदा काळा. पण ती आपण लांबून घेतलीय. चेहरा दिसत नाही. एकदा जवळून घेऊन टाकू."

मी बरं म्हटलं. ते गेल्यावर मुलींच्या रांगेसमोर उभी राहिले आणि मोजणी सुरू केली. पाचानंतर पुन्हा चार म्हणाले. मुली हसल्या. मला वाटलं, मी घाबरलेय हे त्यांना कळलं.

त्या उडीबद्दल मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी रावेरजवळ केळी भरायच्या एका गोदामावर ती घेतली होती. गुंडांनी वेढल्यावर गुरू स्लॅबवरून खाली उभ्या ट्रकमध्ये उडी मारते, असा प्रसंग होता. ट्रकमध्ये कापसाची जाड गादी, वर केळीचा वाळका पाला. मी उडी घेतली त्याच क्षणी ट्रक हातभर पुढे सरकला. ब्रेक सुटला की ड्रायव्हरने सोडला, माहीत नाही. खाली येताना मला एवढंच दिसलं की गादी जिथे असायला हवी तिथे नाही. पाठ गादीच्या काठावर पडली, कोपर ट्रकच्या मागच्या लोखंडी फाळक्यावर आपटलं, आणि तो फाळका घंटेसारखा वाजला. माझ्या डोक्यापासून तो चार बोटांवर होता. वर पाला होता, त्यामुळे कुणालाच काही दिसलं नाही, आवाजही उडीचाच वाटला असणार. मी बाहेर आले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मीही हात वर केला. मी शिकवणारी बाई. पडायचं कसं, हनुवटी छातीला कशी लावायची, हेच मी मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. आपणच चुकीच्या पडलो हे सांगायची मला लाज वाटली.

आता पुन्हा तेच करायचं होतं. तीन आठवडे हातात होते, आणि ते तीन आठवडे मी भीतीत काढले. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की कठड्यापासून दोन हात लांब उभी राहायची. जिना उतरताना भिंतीला हात लागायचा. भाजी चिरताना, स्कूटर लावताना, अचानक तो फाळक्याचा आवाज कानात यायचा आणि हातातलं काम थांबायचं. माझे मिस्टर पाइपच्या कारखान्यात आहेत. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "तुला बरं नाही का?"

"नाही, उन्हाचं होतंय," मी म्हटलं.

भाऊंना नाही म्हणायचं मी रोज ठरवत होते. फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे.

रावेरला आम्ही सकाळी नऊला पोचलो. तेच गोदाम, तसाच ट्रक. गादीवाले चाचा आधीच आले होते. ते जळगावचे पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरतात. सिनेमात जिथे जिथे कुणी पडलं, ते त्यांच्या गाद्यांवर. त्यांनी ट्रकमध्ये गादी अंथरली, चारही कोपरे हाताने दाबून पाहिले आणि सावलीत जाऊन बसले.

मी जिना चढून स्लॅबवर गेले. भाऊ आणि कॅमेरावाला कडेला जागा बघत होते. मी कडेपर्यंत गेले आणि खाली पाहिलं. मी तिथेच खाली बसले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले. गाठ बसेना, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.

नायिकेचं काम करणारी मुलगी धुळ्याची, कॉलेजात शिकते, किकबॉक्सिंग खेळते. ती माझ्याजवळ उकिडवी बसली. तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"अक्का, तुम्ही ऱ्हाऊ द्या. मी मारस उडी. तुमचे कपडे घालते. चेहरा काय, एडिटिंगमध्ये बघतील."

आणि मला हलकं वाटलं. ते मी लपवत नाही. छातीवरचा दगड उतरावा तसं वाटलं. मी लगेच उठले. भाऊंनी थोडा विचार केला, म्हणाले, चालेल, ओढणी तोंडावर उडाली असं दाखवू. खालच्या खोलीत आम्ही कपडे बदलले. माझा काळा कुर्ता तिला सैल होत होता. मी तिच्या कमरेला पट्टा बांधत होते आणि ती काहीतरी हॉस्टेलच्या मेसबद्दल सांगत होती. मला ऐकू येत नव्हतं. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं, केस नुकतेच धुतलेले. तेवढ्यात तो फाळका माझ्या डोळ्यांसमोर आला, आणि त्याच्यापासून चार बोटांवर हे केस दिसले.

आम्ही बाहेर आलो तर दारात चाचा उभे होते. त्यांनी तिला माझ्या कपड्यांत पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"मागच्या वेळी ती गादी मी घरी नेऊन उसवली," ते हळू आवाजात म्हणाले. "मधला कापूस जसाच्या तसा. काठाची शिलाई सगळी फाटलेली. तू मधे नाही पडलीस."

माझा हात कोपरावर गेला.

"मी तेव्हा विचारलं नाही. ते माझं चुकलं. आता हिला चढवताय तर सांग. कुठं पडली होतीस?"

"काठावर," मी म्हटलं. "डोकं फाळक्याजवळ होतं. ट्रक सरकला होता, चाचा."

ते भाऊंना मीच सांगायला हवं होतं, आणि मी गेले. पाय ओढत गेले. सगळं सांगितलं, कोपराची खूणही दाखवली. भाऊंना आधी राग आला. "वर्षभर गप्प बसलात? आणि आज सांगता, सगळे जमल्यावर?" मग म्हणाले, त्या दिवशी ब्रेक सुटला असेल, आज चाकाला दगड लावू, काही होणार नाही. मुलगीही म्हणाली, "अक्का, मला भ्याव नाही वाटत."

"मला वाटतं," मी म्हटलं. "आधी दुसरं काहीतरी टाकून बघा."

गोदामामागे केळीची कापलेली खोडं पडली होती. चाचांनी आणि ड्रायव्हरने माणसाएवढं एक जड खोड निवडलं आणि स्लॅबवर चढवलं. चाकांना दगड लावले होते, ट्रक हलणार नव्हता. दोघांनी ते झोका देऊन सोडलं. खोड पाल्यात शिरलं, गादीच्या मधेच पडलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पण खोड तिथे थांबलं नाही. गादी टणक भरलेली, खोडाने उसळी घेतली, मागे गेलं आणि फाळक्यावर आपटून उभं चिरलं. आतलं पाणी लोखंडावरून ओघळून खाली मातीत पडायला लागलं.

ती मुलगी ट्रकजवळ गेली, फाळक्यावरच्या पाण्याला बोट लावलं आणि परत येऊन माझा हात धरून उभी राहिली. भाऊ गोदामाच्या पायरीवर बसले.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनीच मार्ग काढला. स्लॅबवरून उडी नाहीच. पॅकिंगचे लाकडी खोके रचून कमरेएवढा ओटा केला, खाली जमिनीवर दोन गाद्या, दुसरी चाचांनी मऊ भरलेली, आणि कॅमेरावाला जमिनीवर उताणा पडून वर बघत होता. मागे नुसतं आभाळ. उडी कुणी मारायची हे भाऊंनी विचारलं नाही, मीच पुढे झाले. कमरेएवढीच उंची, तरी आधी मी दोन्ही गाद्या पायाने दाबून पाहिल्या. तीनदा मारली. तिन्ही वेळा पडल्यावर मी आधी डोक्यामागे हात लावून पाहिला.

पहिला भाग धुळ्याला लागला तेव्हा मिस्टर आणि मी एसटीने गेलो. थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं. शेवटी मी आभाळात, केस उडालेले, तोंड उघडं, आणि पडदा काळा झाला. लोक ओरडले, शिट्ट्या मारल्या. मागून एकजण म्हणाला, "मरी गई का ती?" मिस्टर हसले आणि माझ्याकडे वळले. मी हसत नव्हते.

परत येताना बसमध्ये त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. पारोळा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही जाऊ दिलं नसतं."

"नसतंच जाऊ दिलं," ते म्हणाले. एरंडोलला बस थांबली तेव्हा ते उतरून पाण्याची बाटली घेऊन आले, आणि झाकण उघडून माझ्या हातात दिली.

पुढचे दोन महिने पिंप्राळ्यात मला भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे एकच विचारायचे, मॅडम, त्या उडीतून तुम्ही वाचता का? लोक मजेत विचारायचे. मी "बघा आता पुढे" म्हणायचे आणि भराभर चालायला लागायचे. दुसरा भाग लागला तेव्हा मी गेले नाही. त्या मुलीने धुळ्याहून फोन करून सांगितलं की गर्दी कमी होती, पण तुम्ही हात वर करून ट्रकमधून बाहेर आलात तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, तू कशी आहेस. ती म्हणाली, परीक्षा आहे, अभ्यास करतेय.