राखेची काच

हळद शिजवायची भट्टी आमची, जळतण ज्याची हळद त्याचं. आमच्या हिंगोलीकडं हाच रिवाज. याच रिवाजापायी माझ्या नवऱ्याचे डोळे जायची वेळ आली.

भट्टी ट्रॅक्टरला जोडून आमी मळ्यामळ्यानं फिरतो. हे जाळ घालतात, जळतण मी तपासते. कारण सगळीच राख राख राहत न्हाई. कापसाची पऱ्हाटी जळली की मऊ भुकटी पडते. हळदीचा पाला मातीसकट ओढून आणलेला असला की त्याची राख वितळते, पाकासारखी भट्टीतल्या लोखंडी जाळीवर पसरते आणि गार झाली की काच. जाळीची भोकं बुजली की खालची हवा कोंडते. म्हणून मी आधी मूठभर पाला निखाऱ्यावर टाकते, ब्लोअरचा वारा देते आणि राख खिळ्यानं टोचते. खिळ्याला मणी चिकटला की ते जळतण परत.

मागच्या हंगामात शिरड शहापूरच्या अलीकडं एका मळ्यात असाच मणी चिकटला.

"दादा, हा पाला न्हाई चालायचा. भट्टी बसंल."

"बाई, हळद शिजवायला आल्या का शाळा शिकवायला? राखंला काय धाड भरली? माझा आज्या पाल्यावरच हळद शिजवत होता!"

"आज्याच्या कढईखाली जाळी होती का? ब्लोअर होता का?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तो मळेवाला. आणि आमचे हे म्हणजे मुकी बिचारी कुणीही हाका. "जाऊ दे, आलोच हाओत तर घालू," म्हणाले आणि पाला घातला.

दुसऱ्या खेपेला जाळी बुजली, वाफ पडली. मळेवाला बोंबलत आला, "हळद कच्ची राहिली तर चामडी सोलीन!" ह्यांनी घाबरून भट्टीचं दार उघडलं आणि पहारीनं काच फोडायला लागले. घावावर घाव. "थांबा, ब्लोअर बंद करू द्या!" मी ओरडले. तेवढ्यात काच फुटली. कोंडलेली हवा उसळली आणि निखारे सरळ ह्यांच्या तोंडावर आले. हे किंचाळत मातीत लोळले.

"पहारसुदा धरता येईना याला!" मळेवाला म्हणाला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पडलेली पहार हाती येईल त्या टोकाला धरून उचलली आणि त्याच्या मांडीवर हाणली. तो आडवा झाला. दुसरा घाव डोक्यात घालणार होते, मळ्यातल्या गड्यांनी मागून आवळलं. न्हाईतर मारूनच टाकला असता. त्याचं मला आजही वाईट वाटत न्हाई.

हिंगोलीच्या दवाखान्यात ह्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. उघडल्याबिगर काही सांगता येत न्हाई, डॉक्टर म्हणाले. मी उशाला बसून शिव्या घालायची. मळेवाल्याला, पाल्याला, ह्यांच्या मऊ जिभेला. हे पडल्या पडल्या म्हणायचे, "बराबर हाय तुझं." त्यानं माझं डोकं आणखीच फिरायचं. आतून मात्र मी भेदरून गेले होते.

पट्टी सोडली तेव्हा ह्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी गळायला लागलं. डॉक्टरांनी काय दिसतं विचारलं. ह्यांनी मान माझ्याकडं वळवली. माझा जीव टांगणीला.

मग हे म्हणाले, "अगं, तुझ्या हातांना फडकं काहून गुंडाळलं हाय?"

पहार तापलेली होती. तळहात भाजल्याचं मी ह्यांना कळूच दिलं नव्हतं.

"दिसलं! मेल्या, दिसलं रं तुला!" भर दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, जन्मात पहिल्यांदा मी नवऱ्याला अरे-तुरे केलं आणि त्यांचं तोंड छातीशी धरून मोठ्यानं रडले.