नदीकडचा हिस्सा

"मग हत्तीचीच बहीण हो तू," दिलीप म्हणाला आणि त्यानं ताट बाजूला सारलं.

वैदेहीनं ते पुन्हा त्याच्यापुढे ओढलं. भांडण सकाळपासून चाललं होतं, पण जेवण अर्धं टाकून उठायची पद्धत तिच्या घरात नव्हती.

दिलीप तिचा धाकटा भाऊ. दोडामार्गकडच्या गावाहून आईला घेऊन तो सकाळीच नेरूळला उतरला होता. येताना आमसुलं आणली, काजू आणले आणि दोन कामं आणली. बागेभोवतीच्या तारेत थेट मीटरवरून करंट सोडायचा, त्यासाठी वैदेहीनं पेटी बनवून द्यायची, हे पहिलं. दुसरं अजून त्याच्या पिशवीतल्या पाकिटात होतं.

वैदेहीला ते अवघड नव्हतं. रबाळ्याच्या एमआयडीसीत ती अठ्ठावीस वर्षं विजेची पॅनेल जोडत आली. हेल्पर म्हणून लागली, आता तिनं तपासल्याशिवाय एकही पॅनेल गेटबाहेर जात नाही. दुसऱ्याच वर्षी तिचा हात आत असताना कुणीतरी स्विच टाकला होता. तेव्हापासून डाव्या हाताच्या दोन बोटांना काही कळत नाही. दूध कोमट झालं का, ते ती उजव्या हातानं बघते.

तिचा नवरा नंदकिशोर मेहुण्याच्या बाजूला होता. एक पेटी तर करायची, एवढं काय त्यात, असं तो आमटी वाढून घेता घेता दोनदा म्हणाला.

दिलीपचंही खोटं नव्हतं. वैशाखात त्याच्या तीनशे केळी हत्तींनी आडव्या केल्या. शहात्तर वर्षांची आई गच्चीवर बसून पत्र्याचा डबा बडवत राहिली. भरपाईचा अर्ज केला की पंचनामा होतो. वाढवलेली बाग परत येत नाही.

हत्ती मेला तर तीन ते सात वर्षं कैद आहे, वैदेहीनं सांगितलं. सातबाऱ्यावर आईचंही नाव आहे, तिलाही चौकशीला नेतील. आणि तार काही माणूस ओळखत नाही. गोवऱ्या आणायला गेलेली आईच आधी चिकटेल.

"हत्तीक कायदो आसा," दिलीप म्हणाला. "आमकां कोण आसा?"

तिनं बॅटरीवरच्या झटका कुंपणाचं सुचवलं. त्याचा झटका बसतो, पण जीव जात नाही. ते करून झालं होतं. हत्तीनं वाळकं झाड तारेवर ढकललं आणि वरून चालत आला.

"पण येतात कुठून ते?" तिनं विचारलं.

दिलीप भात कालवत राहिला. आई म्हणाली, "नदीकडसून. भेरली माड होते थंयसून."

होते, म्हणजे आता नव्हते. चार वर्षांपूर्वी, वडील गेल्यावर, दिलीपनं ते हत्तींच्या आवडीचे रानमाड आणि सगळा बांबू तोडून पाण्यापर्यंत केळी लावल्या होत्या. तालुक्यात झाडतोडीला कोर्टाची बंदी असताना. आपल्याच जमिनीतली झाडं, कोणाला विचारायचं, असं त्याचं म्हणणं. वडिलांनी त्या तुकड्याला कधी कुदळ लावली नव्हती. हत्ती पहिल्यांदा आले तेव्हा ते म्हणाले होते, खाली पोट भरतंय तर वर कशाला येतील? खरंच तेव्हा हत्ती माड खाऊन, पाणी पिऊन परत जात.

वैदेहीला हे आजच कळत होतं. आईनं फोनवर इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. मुलाकडे राहणारी बाई मुलाबद्दल किती बोलणार.

दिलीपनं हात धुतले आणि पाकीट काढलं. आत हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या जमिनीतला हिस्सा बहिणीनं भावाला सोडायचा, म्हणजे माहेर उघडं राहतं. त्यांच्याकडे सगळ्याच बहिणी सोडतात. वैदेहीही सोडणारच होती. सुट्टी जुळत नाही म्हणून तीन वर्षं राहिलं होतं. नंदकिशोरनं पेन आणून ठेवलं.

तिनं कागद शेवटपर्यंत वाचला. नदीकडच्या तुकड्याचा गट नंबर दोनदा वाचला.

दिलीपला अंदाज आला. "आत्येचा काय झाला ता ठाऊक आसा मां?" तो हळू म्हणाला.

ठाऊक होतं. आत्यानं हिस्सा मागितला आणि मरेपर्यंत तिला चतुर्थीचं बोलावणं आलं नाही. शेवटी शेवटी ती माहेरच्या गावचं कुणी बाजारात दिसलं तरी थांबून घरची चौकशी करायची.

आई वैदेहीकडे बघत होती.

वैदेहीनं कागद घडी करून पाकिटात घातला.

"पेटी मी करणार नाही, सहीही करणार नाही," ती म्हणाली. "वरची बाग आणि घर दिलीपचं. नदीकडचा हिस्सा माझ्या नावावर होईल. तिथल्या केळी काढायच्या, माड आणि बांबू लावायचे, आणि तिकडे कुंपण घालायचं नाही. मी रजा टाकतेय. बुधवारी तुमच्याबरोबर गावी मोजणीचा अर्ज द्यायला येते."