अमरसिंहाची दुसरी मिरवणूक

"गुडघा त्याचा असला म्हणून काय झालं? तालमीनं दूध पाजून वाढवलाय त्यो!" बायडाबाई अर्धी थापलेली भाकरी हातातच धरून ओरडल्या.

"आणि तालमीनंच मोडलाय," क्रांती म्हणाली. "आत्ती, तेवढं बी सांगा की."

सासू-सुनेचं हे सकाळपासून चाललं होतं. ज्याच्यावरून चाललं होतं तो अमरसिंहाचा डावा गुडघा, बर्फाची पिशवी घेऊन स्टुलावर गप्प पडला होता. गुडघ्याच्या मालकाला दोघींपैकी कुणीच काही विचारलं नव्हतं.

पेठेतल्या, फुटबॉलचा संघ चालवणाऱ्या तालमीला शंभर वर्षं होत होती. त्यासाठी रविवारी अमरसिंहाला खांद्यावर बसवून तालमीपासून मैदानापर्यंत मिरवत न्यायचं ठरलं होतं. आणि सोमवारी इचलकरंजीच्या एका शाळेत फुटबॉल कोचच्या जागेसाठी त्याला धावून दाखवायचं होतं. गेली नऊ वर्षं त्यानं मेहुण्याच्या दुकानात पाइप आणि नळ विकले होते. फुटबॉलचं काम आता कुठं समोर आलं होतं.

नऊ वर्षांपूर्वीपर्यंत तो गोव्याच्या एका क्लबात फॉरवर्ड होता. पगारी. पेठेत खेळणारे शेकडो, खेळाचा पगार घेणारा हा एकटाच. तिथले दोन हंगाम संपताच एका मोठ्या क्लबानं तीन वर्षांचा करार दिला. सही करून तो घरी आला आणि पेठेनं मिरवणूक काढली. चौघांनी त्याला खांद्यावर घेतलं. चौकात आल्यावर उजवीकडचे दोघं म्हणाले, आधी तालमीत नारळ फोडायचा. डावीकडचे म्हणाले, आधी त्याच्या आत्याच्या दारात ओवाळून घ्यायचं. माघार कुणीच घेतली नाही. दोघं उजवीकडं वळले, दोघं डावीकडं, आणि अमरसिंह सरळ खाली, गटाराच्या झाकणावर.

लिगामेंट गेलं, मागोमाग करारही गेला. पण पेठेची अब्रू जाऊन कशी चालेल? आठवड्याभरात सगळ्यांना पाठ झालं की गोव्यात एका परदेशी डिफेंडरनं त्याच्या गुडघ्यावर मुद्दाम लाथ घातली. हा डिफेंडर दरवर्षी थोडा उंच होत गेला. सध्या तो साडेसहा फुटांवर आला होता. बायडाबाई तर त्याला नाव घेऊन शिव्या द्यायच्या. नाव त्यांनीच ठेवलं होतं.

तेवढ्यात बापूसो आले. तालमीचे अध्यक्ष, आणि त्या दिवशीच्या उजव्या बाजूच्या दोघांतले एक.

"काय रं अमर, तयार न्हवं? ह्या खेपंला काळजी न्हाय. मार्ग कागदावर ठरलाय. उचलणाऱ्या चौघांच्या सह्या घेतल्यात."

"चौघं कोण?" क्रांतीनं विचारलं.

"तीच की. अनुभवी माणसं."

क्रांतीनं हातातली पळी जोरात खाली ठेवली.

"आधी कुठं जायचं ठरलंय?" अमरसिंहानं विचारलं.

"तालमीत."

"धोंडुबाईकडं आधी!" बायडाबाई चुलीवरची भाकरी विसरून बाहेर आल्या. "मागल्या खेपंला माझी नणंद ताट घिऊन दारात तशीच ऱ्हायली. अजून काढती ते."

"काकी, सह्या झाल्यात."

"मग परत घ्या सह्या!"

"शंभर वर्षांची तालीम हाय. मान आधी तिचा."

"आन् पोरगं कुणाचं हाय?"

बापूसोंनी कागद उघडून नकाशावर बोट ठेवलं. बायडाबाईंनी पिठाच्या हातानं ते बोट दुसऱ्या गल्लीत सरकवलं. भाकरी करपल्याचा वास आला, पण दोघांनाही नकाशा सोडवेना.

"अहो, पण हे परत पडले म्हणजे?" क्रांती मधे घुसली. "सोमवारी धावायचंय ह्यास्नी."

"कसला पडतोय!" बायडाबाई म्हणाल्या. "चार दांडगी माणसं हायत. भ्यायचं काय त्यात? मला म्हण, मी आत्ता बसतो!"

अमरसिंहानं बर्फाची पिशवी बाजूला ठेवली. पाय खाली घेतला, एकदा वाकवून पाहिला आणि उभा राहिला.

"ठरलं मग," तो म्हणाला. "रविवारी खांद्यावर आई बसणार. मी मागनं चालत येणार, आणि सोमवारी इचलकरंजीला जाणार."