आत्याची राहिलेली सावड

माझी आत्या लोणावळ्याच्या एका चिक्की कारखान्यात पॅकिंगला होती. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, तेव्हा माझ्या वडिलांनी ओढ्याकाठचं भाताचं एक खाचर तिला दिलं. वर्षाचा इंद्रायणी तांदूळ त्यातून यायचा, बाकी सगळं चिक्कीवर. माझा कॉलेजचा रेल्वे पासही तिनेच काढून दिला. आमच्या घरातली पहिली पदवी मी घेतली, त्या दिवशी माझ्या अंगावर आत्याची साडी होती आणि त्या साडीला गुळाचा बारीक वास येत होता. तो वास मला अजून मधेच आठवतो, पुण्यात, ऑफिसच्या लिफ्टमध्ये वगैरे.

मग कारखान्यात पॅकिंगचं मशीन आलं आणि बायका घरी बसल्या. बाकीच्या बायका मशीनच्या नावाने बोटं मोडत होत्या. आत्या मात्र वेगळंच काही मनात घेऊन आली होती.

"मशीन ट्रकातनं उतरवायला एक पिवळी गाडी आलती," ती मला म्हणाली. "म्होरं दोन लांब सुळं. एवढं धूड तिनं अंड्यावानी अल्लाद उचाललं. मी तिलाच बगत हुते."

"फोर्कलिफ्ट म्हणतात तिला."

"म्हणू दे काईबी. बायांना शिकवत्यात का?"

शिकवत होते. तळेगावच्या बाहेर एका केंद्रात तीन महिन्यांचा कोर्स होता आणि त्या भागातल्या गोदामांना चालक हवेच होते. फी मात्र आमच्या आवाक्याबाहेरची. मी शोधाला लागले. वडगावला पंचायत समितीत गेले. तिथल्या बाईंनी आपुलकीने ऐकून घेतलं, पण त्यांच्याकडची योजना तरुणांसाठी होती आणि आत्या चाळिशी ओलांडलेली. बँकेत गेले, तिथे तारण विचारलं. शेवटी कॉलेजच्या एका मॅडमनी सुचवलं की तळेगावातल्या कारखान्यांकडे समाजकार्याचा निधी असतो, तिथे विचार. अशा एका कारखान्यातल्या साहेबांनी आम्हाला समोर बसवलं, चहा दिला.

"फी आम्ही भरू," ते म्हणाले. "पण याआधी आम्ही बऱ्याच जणींची भरली. लावणी सुरू झाली की त्या कोर्स टाकून शेतावर जातात. हा कोर्स नेमका त्याच दिवसांत आहे. ताई, तुमचं भात कोण लावणार? गावातून कोणी उभं राहणार असेल तर सांगा."

आत्या साडीचा काठ चाळवत राहिली. मजूर लावायला पैसे नव्हते. खाचर पडीक ठेवलं तर वर्षभर तांदूळ विकत, आणि कोर्स सोडला तर पुन्हा कोण विचारणार होतं? परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. वडगावजवळ कुठल्याशा गोदामाच्या दारात एक पिवळी फोर्कलिफ्ट दिसली. गाडी पुढे गेली तरी तिची मान तिकडेच वळलेली होती.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर बचत गटाच्या बायका थांबल्या. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. एका दिवसाच्या बदल्यात एक दिवस, पैशाचा व्यवहार नाही. पण जिला दुसऱ्याच्या खाचरात उतरताच येणार नाही, तिची सावड कशी करायची? आत्याने हे सगळं चाचरत सांगितलं.

गटातल्या सगळ्यात वडील मावशींचा वस्तीला धाक होता. त्या म्हणाल्या, "सायकल तरी येती का गं तुला?"

"न्हाई."

"बैल हाकलाय कवा?"

"न्हाई."

"आन् आता हत्ती हाकणार." बायका हसायला लागल्या. मावशी हसल्या नाहीत. "जा. शिकून ये. तुजं भात आमी लावतो. पर सावड हाय बरं का, फुकाट न्हाई. फुडच्या वर्षी समद्यांचं फेडायचं. माजं शेवटी."

त्या पावसाळ्यात आत्या रोज सकाळी लोकलने जायची आणि बायका तिच्या खाचरात उतरायच्या. बायका खरंच उभ्या राहिल्या का ते बघायला एकदा कारखान्याचे साहेब आले. बांधावर छत्री धरून उभे होते. मावशी चिखलातूनच म्हणाल्या, "सायेब, बगत काय ऱ्हायलाय, रोपाच्या मुठी फेका हिकडं." साहेबांनी दोन-चार मुठी फेकल्या, त्यातली एक मावशींच्या पाठीवर बसली. पुढच्या वर्षी त्यांनी आमच्या गटातल्या आणखी दोघींची फी भरली.

आत्या पास झाली आणि वडगावजवळच्या एका गोदामात लागली, तात्पुरती. वर्षभर खाडा न करता काम केलं तर कायम करणार होते. आणि वर्ष भरायच्या आतच लावणी आली.

रजा मागायची तिला भीती वाटली. म्हणून तिने आपल्या बदली पहिल्या घरी दोन मजूर पाठवले, पगारातून. एकीच्या जागी दोघं. आपण चांगलंच वागलो असं तिला वाटत होतं. त्या घरच्यांनी मजुरांना जेवू घातलं, पानसुपारी दिली. दुसऱ्या दिवशी मावशी दारात हजर.

"मजूर चांगलं हुतं गं. हात लय चपळ. आता तू कवा येतीस?"

आत्याला वाटलं मावशी थट्टा करताहेत. मावशी थट्टा करत नव्हत्या. सावडीत त्या दोन मजुरांचा दिवस कोणी धरलाच नव्हता.

आत्याने गोदामात सुपरवायझरची गाठ घेतली आणि महिनाभर दुपारपाळी मागून घेतली. "शेतीचं काम आहे" एवढंच सांगितलं. रोज उजाडता उजाडता ती कुणाच्या तरी खाचरात उतरायची, उन्हं चढली की ओढ्यावर पाय धुवायची आणि कामशेतला गाडी पकडायची. सेफ्टी शूजमध्ये पाय सुजायचे. खाडा एकही पडला नाही. ती कायम झाली.

सगळ्यांची सावड फिटली, मावशींची तेवढी राहिली. त्यांचं शेवटी होतं, आणि पाऊस असा लागला की उरलेलं घरच्यांनीच घाईने उरकलं. "फुडच्या वर्षी ये," मावशी म्हणाल्या. पुढच्या वर्षापर्यंत मुलांनी ते खाचर विकलं होतं. आता तिथे बंगला आहे, त्याला निळ्या पाण्याचा पोहायचा हौद आहे, आणि कुलूप शनिवारीच उघडतं. आत्याचं खाचर आहे अजून, पण लावणीला मशीन येतं. गटातल्या निम्म्या बायका कामाला जातात. साहेबांनी फी भरलेल्या त्या दोघींमधली एक आता आत्याच्याच गोदामात फोर्कलिफ्ट चालवते. कुणाचं वाईट झालं नाही. तरीही लावणीचे दिवस आले की मी पुण्याहून गावाकडे येते आणि ओढ्याच्या बांधावर उगाच उभी राहते. कुणी तरी "मुठी फेक गं" म्हणून ओरडेल असं वाटत राहतं.

परवा आत्याबरोबर मावशींकडे गेले. सुट्टीच्या दिवशी आत्या त्यांच्याकडे जातेच. मावशींना आता नीट दिसत नाही. आत्याने त्यांचे पाय चेपत नेहमीचं बोलणं काढलं.

"मावशी, तुमची सावड ऱ्हायली माज्याकडं. धुणं सांगा, दळण सांगा, कायबी सांगा. मोकळी करा मला."

मावशींनी चाचपडत तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे की," त्या म्हणाल्या. "तेवड्यासाटी येतीस तरी."