रस्त्याच्या क्रमाने सात कॉलेजं

"ओटीपी आला, बाई. सांगू का?" देवरावकाका मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून विचारत होते.

मी "सांगा" म्हणायला हवं होतं. ते आकडे टाकले की ऑप्शन फॉर्म कन्फर्म होतो, मग त्यात काही बदलता येत नाही. मला कामावर ठेवलं आहे तेच त्यासाठी. पण मी म्हणाले, "एक मिनिट थांबा ना, काका."

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बसस्टँडजवळ किशोरदादांचं ऑनलाइन सेंटर आहे. तिथे दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि लॅमिनेशनचं यंत्र आहे. मी बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आहे आणि ॲडमिशनच्या दिवसांत इथे फॉर्म भरते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे हे सगळे शब्द मी इथेच, स्क्रीनकडे बघत शिकले. अजूनही काही सांगताना मला आधी भीती वाटते, आपलंच चुकत असेल तर?

दादांचा एक नियम आहे. "आपन टायपिंग करतो, प्रज्ञा. सल्ला द्याचा नाही. उद्या कमीजास्त झालं तं लोक आपल्याच काउंटरवर येतात."

देवरावकाका शिरपूरचे. शिरपूर ते मालेगाव प्रवासी जीप चालवतात. त्या दिवशी ते मुलीला, ऋतुजाला, घेऊन आले होते. इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. पाचला पोर्टल बंद होणार होतं आणि तीन वाजून गेले होते. काकांच्या शर्टच्या खिशात वहीचा एक कागद होता. त्यावर सात गावांची नावं होती. वाशीम, अकोला, शेगाव, अमरावती, यवतमाळ, नागपूर, पुणे. "या नंबरनं टाकून दे," ते म्हणाले.

ऑप्शन फॉर्म म्हणजे पसंतीची यादी. आपल्याला कोणतं कॉलेज आणि कोणती शाखा हवी ते क्रमाने लिहायचं. प्रत्येक पर्यायाला एक लांबलचक कोड असतो. पहिल्या तीन गावांचे कोड मी शोधून टाकले. चौथ्याला माउस हलवणार तेवढ्यात ऋतुजाने अमरावतीच्या सरकारी कॉलेजच्या कॉम्प्युटर शाखेचा कोड तोंडपाठ सांगितला. मी शोधायच्या आधीच, हळू आवाजात. पुढचं यवतमाळ आलं तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. "मले नाही माहीत," ती म्हणाली.

सातपैकी एकच कोड तिला पाठ होता आणि तो चौथ्या नंबरवर होता. म्हणून मी काकांना थांबवलं.

"काका, हे नंबर कसे लावले?"

"कसे म्हंजे? जवळचं आधी, दूरचं मंग." ते सरळ म्हणाले. "वाशीमचं कॉलेज आपल्या रोडवर हाय. पोरगी सांजच्याले घरी येते. तिथं नाही भेटलं तं अकोला. असं पुढं पुढं."

यादी रस्त्याप्रमाणे होती. माणूस वीस वर्षं जीप चालवतो, त्याला जग त्याच क्रमाने दिसणार.

मी ऋतुजाचं स्कोअरकार्ड काढलं. पर्सेंटाइल छान होते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, परीक्षेला बसलेल्यांपैकी किती जण आपल्या मागे आहेत ते सांगणारा आकडा. मग गेल्या वर्षीचा कट-ऑफ उघडला. कट-ऑफ म्हणजे त्या कॉलेजात शेवटची सीट ज्याला मिळाली त्याचा आकडा. अमरावतीच्या कट-ऑफच्या जरा वरच ऋतुजा होती. यंदा तो कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही, पण वेडी आशा म्हणावी असंही नव्हतं. वाशीमला तर तिचा नंबर डोळे मिटून लागणार होता.

नेमकी तीच अडचण होती.

"काका, वाशीम एक नंबरले टाकलं तं पहिल्याच राउंडले वाशीम भेटन," मी म्हणाले.

"मंग चांगलंच हाय ना."

"आन् एक नंबरचं भेटलं की सीट ऑटो-फ्रीज होते. म्हंजे पक्की होते, हलवता येत नाही. पुढच्या राउंडमधी नावच जात नाही आपलं."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ते कळलं नव्हतं आणि मला सोपं करून सांगता येत नव्हतं. इतक्यात बाहेरून कोणीतरी ओरडलं, "देवराव, तुहा नंबर लागून राह्यला बे." स्टँडवर जीपगाड्या नंबराने लागतात. काकांनी हात दाखवून दुसऱ्याला पुढे जायला सांगितलं, आणि मला सांगायची वाट सापडली.

"काका, तुमचा नंबर लागला, सवाऱ्या भरल्या, की गाडी निघते ना? मागून कोणी स्पेशल सवारी घेऊन आलं तरी?"

"निघालेली गाडी कुठं थांबते?"

"तसंच हाय. वाशीमची गाडी भरली की निघाली. मंग अमरावती मागं राहते."

ते हळूच म्हणाले, "पन बाई, अमरावती वर लिवलं आन् नाही भेटलं तं? हाय थे वाशीमही जाईन. जास्त मांगलं की असंच होते."

आमच्याकडे हे सगळ्यांनाच वाटतं. कोणत्याही ऑफिसात गेलं की आपण कमी मागतो. जास्त मागितलं तर साहेब चिडेल आणि थोडंही देणार नाही, असं मनात असतं. पण या यादीच्या पलीकडे साहेब नाही. कॉम्प्युटर एक नंबर पाहतो, तिथे बसत नसेल तर दोन, मग तीन. वर काय मागितलं म्हणून खालचं काढून घेत नाही. हे मी काकांना दोनदा सांगितलं.

"प्रज्ञा, तीन जन उभे हायेत मांगं," दादा झेरॉक्सजवळून म्हणाले. त्या आवाजाचा अर्थ मला माहीत होता.

"तू कुठं शिकतं व?" काकांनी मला विचारलं.

मी कॉलेज सांगितलं. इथून जवळचं.

"मंग वाईट हाय का थे?"

"नाही काका, चांगलं हाय. सर चांगले हायेत." मी माउस सोडला. "पन माह्या मनातलं मी चवथ्या नंबरले लिवलं होतं. मले वाटलं, जवळचं पक्कं भेटते तं थेच आधी लिवा. पक्कं भेटलंही. कॉम्प्युटरनं चवथा नंबर वाचलाच नाही. नंतर कट-ऑफ पाह्यला तं माहं नाव तिथं बसत होतं."

हे मी घरी अजून सांगितलेलं नाही. बाबा बाजार समितीत पोती उचलतात आणि मी कॉलेजात जाते याचा त्यांना फार आनंद आहे. त्यात हे कशाला सांगायचं?

दादांनी झेरॉक्सचं झाकण लावलं.

काकांनी कागद काउंटरवर ठेवला, खिशातला पेन काढला आणि ऋतुजापुढे धरला. "घे. तू लिव."

"तुमीच लिवा ना, बाबा."

"मले रस्ता समजते. कॉलेज तुले समजते."

तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहू लागली. अमरावती, अकोला, शेगाव, यवतमाळ, वाशीम. तिथे थांबली. नागपूर आणि पुणे लिहिलंच नाही.

"पुनं काहून सोडलं?" काका म्हणाले. "सारे तं पुनं पुनं करतात."

"तिथून तुमाले एका दिवसात येऊन वापस नाही जाता येत."

काका बाहेरच्या जीपकडे बघू लागले. मग म्हणाले, "बाई, पह्यला ओटीपी तं मेला असन. दुसरा बोलाव."

मी स्क्रीनवरची यादी ऋतुजाच्या कागदाप्रमाणे लावली. दुसरा ओटीपी आला. त्यांनी एकेक आकडा सांगितला, मी टाकला. फॉर्म कन्फर्म झाला तेव्हा चार वाजायचे होते. ते गेल्यावर दादा म्हणाले, "अमरावती नाही लागली तं त्यायले तूच तोंड दे."

पहिल्या राउंडची यादी लागली आणि काका सकाळीच सेंटरवर हजर. "अकोला भेटलं, बाई. आता हेही गाडी निघाली का?"

अकोला यादीत दोन नंबरला होतं. "नाही काका. निघते थे एक नंबरची. इथं बेटरमेंट घेता येते. ही सीट आपल्या नावावर राहते आन् वरच्यासाठी पुढच्या राउंडमधी नाव जाते. वरची भेटली की ही सुटते. नाही भेटली तं ही आपली."

काकांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे रुमाल टाकून ठेवाचा."

एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात तो. इतकं सोपं मला सुचलं नसतं. आता मी सगळ्यांना बेटरमेंट तसंच समजावते.

दुसऱ्या राउंडला अमरावती लागली. काका सांगायला आले तेव्हा बाहेर त्यांच्या जीपमध्ये सवाऱ्या बसलेल्या होत्या. "अमरावतीहून शेवटची गाडी किती वाजता हाय, थे पाहून आलो," ते दादांना म्हणाले. "पोट्टी म्हन्ते, दर शनवारी येजा नका करू. मी म्हनलो, पाहू."

दादा मला सल्ला देऊ नको असं अजूनही म्हणतात. पण झेरॉक्सचे एका बाजूने खराब झालेले कागद कापून त्यांचा गठ्ठा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आहे. कोणी पसंतीची यादी घेऊन आलं की मी कोड शोधायच्या आधी अक्षर कोणाचं ते बघते. वडिलांचं असेल तर एक कोरा कागद मुलीपुढे सरकवते आणि काही न बोलता वाट बघते.