काकीचं खोबरेल

किनाऱ्यावर चालताना पायाला डांबर लागलं. खोल समुद्रात कुठंतरी सांडलेलं तेल पावसाळ्याच्या दिवसांत असं काळे गोळे होऊन आमच्या वाळूवर येऊन पडतं. मी शिंपल्यानं तळवा खरडू लागले, तशी जाळ्यातून मासे सोडवत बसलेली वत्सलाकाकी ओरडली, "अगो, कातडं काढशील! हिकडं ये, पाय दे."

पाय तिनं सरळ मांडीवरच ओढून घेतला. माझ्यासारख्या पन्नाशीच्या बाईला लाज वाटणारच. मी नको नको म्हटलं, तर पोटरीवर चापट बसली. शेजारच्या बाटलीतलं खोबरेल तिनं तळव्याला चोळलं आणि पाण्यानं ढिम्म न हलणारं ते डांबर अलगद सुटून आलं. मी लहान मुलीसारखी बघत राहिले.

मनात आलं, आपल्याला त्या तेलकट पाण्यातून पाय काढून घेता येतो. माशानं कुठं जायचं? त्याचा तर श्वासच त्या पाण्यावर चालतो.

काकीनं पुन्हा जाळं पुढ्यात ओढलं. एक बांगडा निघाला, कल्ल्यांत काळं चिकटलेला. विकण्याजोगा नव्हताच. काकीनं तेलकट अंगठा त्याच्या कल्ल्यावरून फिरवला, मघाशी माझ्या तळव्यावरून फिरवला होता तसाच, हळू.

"काकी, मेलाय गं तो."

"ठाव हाय," ती म्हणाली, आणि त्याला कुशीवर वळवून दुसरा कल्ला पुसायला लागली.